शनिवार रात्रीची सात गाणी

बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या वाड्यात कुणी कुणाला हाक मारत नसे. रेडिओ एकाच घरी होता. त्याच्या खिडकीखालच्या पायऱ्यांवर जागा मिळावी म्हणून आम्ही मुलं पावणेआठपासून घुटमळत असू. रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू होई, अमीन सायानींचा आवाज येई आणि कोणतं गाणं कितव्या ‘पायदान’वर गेलं याच्या पैजा लागत. हा कार्यक्रम ३ डिसेंबर १९५२ रोजी सुरू झाला. त्याला वाट मोकळी करून दिली ती एका मराठी माणसानं. त्याच वर्षी नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी हिंदी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केलं. त्यांना घराघरांत शास्त्रीय संगीत पोचवायचं होतं. प्रत्यक्षात श्रोते सिलोनकडे गेले आणि एका टूथपेस्टचं नाव देशभर तोंडी झालं.

पायरीवर बसून मला एकच प्रश्न पडायचा. अमुक गाणं पहिलं आणि तमुक दुसरं, हे ठरवतं कोण? मोठेपणी त्याचा माग काढत गेलो तेव्हा सातासमुद्रापलीकडच्या एका कार्यक्रमाशी गाठ पडली. त्याचं नाव ‘युअर हिट परेड’. आपल्या गीतमालेच्या सतरा वर्षं आधी, २० एप्रिल १९३५ला, तो अमेरिकेत रेडिओवर सुरू झाला. १९५०मध्ये टेलिव्हिजनवर आला आणि १९५९पर्यंत टिकला. त्याची मालकी एका सिगारेटच्या कंपनीकडे होती. ‘मालकी’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे.

आज आपण ‘प्रायोजक’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर येते ती कार्यक्रमाच्या आधी-नंतर झळकणारी पाटी. अमेरिकेत तेव्हा व्यवहार निराळा होता. आपल्याकडे नाट्यगृहाचा मालक तीन तासांसाठी गृह भाड्यानं देतो आणि नाटक कोणतं, नट कोण, हे नाटक कंपनी ठरवते, तसंच जवळपास तिथं होतं. एनबीसी, सीबीएस ही प्रसारणाची जाळी वेळ भाड्यानं देत. कार्यक्रम उभा करायची ती प्रायोजकाची जाहिरात संस्था. गायक तिचे, वादक तिचे, संहिता तिची. प्रसारण संस्थेचा माणूस घड्याळ सांभाळायला.

‘हिट परेड’ची नाटक कंपनी होती अमेरिकन टोबॅको कंपनी आणि तिची सिगारेट ‘लकी स्ट्राइक’. कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हिल हे मोठे विलक्षण गृहस्थ. बायकांनी रस्त्यात सिगारेट ओढणं त्या काळी अमेरिकेतही वाईट समजलं जाई. १९२९च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून तरुणी सिगारेट ओढत मिरवल्या, ती हिल यांच्यासाठी काम करणाऱ्या एडवर्ड बर्नेज यांची योजना होती. अर्धी लोकसंख्या गिऱ्हाईक नाही, हे हिल यांना सहन होत नव्हतं. जाहिरात कानावर आपटत राहिली पाहिजे, मग ती आवडो किंवा न आवडो, असं त्यांचं तत्त्व. त्यांच्या रेडिओ कार्यक्रमांत तंबाखूच्या अड्ड्यांवरचे खरे लिलाववाले आणून उभे केले जात. बाजार समितीत कांद्याचा लिलाव ऐकला असेल तर तुम्हाला कल्पना येईल. एका श्वासात, सुरात, काहीही न समजणारी ती आकड्यांची लड आणि शेवटी खणखणीत आरोळी, की माल ‘अमेरिकन’ला विकला! हिल यांची दहशत एवढी, की फ्रेडरिक वेकमन या जाहिरात क्षेत्रातल्या लेखकानं १९४६मध्ये ‘द हकस्टर्स’ ही कादंबरी लिहिली, तेव्हा त्यातला टेबलावर थुंकून दाखवणारा साबणाचा कारखानदार म्हणजे कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही. पुढच्याच वर्षी क्लार्क गेबलला घेऊन तिच्यावर चित्रपटही निघाला. हिल तोवर वारले होते.

या हिलसाहेबांना गाण्यातलं काय आवडायचं? ओळखीची चाल, ठळक ठेका, नाचता येईल अशी लय. वादकांनी नक्षीकाम करायचं नाही. एवढं सांभाळलं की बाकी निवड लोकांची. दर आठवड्याला देशभर पाहणी होते, असं निवेदक सांगे. गाण्याच्या छापील प्रतींचा खप, तबकड्यांचा खप, रेडिओवर किती वेळा वाजलं, नाणं टाकून गाणं वाजवायच्या यंत्रांवर किती वेळा लागलं, या सगळ्यांची गोळाबेरीज. पण ती कशी करतात, कशाला किती वजन, हे कधीच जाहीर झालं नाही. हिशेब जाहिरात संस्थेच्या कपाटात. ‘बिलबोर्ड’ या व्यावसायिक साप्ताहिकानं तबकड्यांच्या खपाची राष्ट्रीय यादी छापायला सुरुवात केली ती जुलै १९४०मध्ये. त्याआधी पाच वर्षं देशाला काय आवडतं हे आठवड्याच्या आठवड्याला सांगणारा सर्वांत मोठा आवाज एका सिगारेटचा होता.

लोकांची निवड म्हणजे तरी किती मोकळी? १९४१चं एक उदाहरण पुरेसं आहे. ‘अ‍ॅस्कॅप’ ही अमेरिकेतली गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची संस्था. तिनं रेडिओकडे मानधनाचे दर वाढवून मागितले आणि प्रसारण संस्थांनी १ जानेवारीपासून तिच्या सभासदांची गाणी वाजवणंच बंद केलं. सभासद कोण? आयर्विंग बर्लिन, कोल पोर्टर, जेरोम कर्न. जवळजवळ दहा महिने त्यांची गाणी मोठ्या रेडिओ जाळ्यांवरून गायब होती. अर्थात ‘हिट परेड’मधूनही. हक्क संपलेली, शंभर वर्षांमागची स्टीफन फॉस्टरची गाणी मात्र त्या काळात दणक्यात वाजली. लोकांची आवड एका रात्रीत बदलली नव्हती. जे वाजतं त्यातूनच माणूस निवडतो, एवढंच. केसकरांच्या काळात आपल्याकडेही दुसरं काय घडलं?

आता या कार्यक्रमाचा गाभा सांगतो, म्हणजे पुढचं लक्षात येईल. गीतमालेत लताबाईंचं गाणं पहिलं आलं, तर तबकडी लागायची आणि लताबाईच ऐकू यायच्या. ‘हिट परेड’मध्ये तसं नव्हतं. तिथं क्रमांक गाण्याला होता, गायकाला नव्हता. गाणं कुणीही लोकप्रिय केलेलं असो, शनिवारी ते कार्यक्रमाच्या पगारी गायकांपैकी कुणीतरी म्हणायचं. छापील प्रती विकत घेऊन घरच्या पियानोवर गाणारा समाज होता तोवर यात कुणाला वावगं वाटलं नाही. फ्रँक सिनात्रासुद्धा १९४३पासून दोनेक वर्षं इथला पगारी गायक होता. तो गेल्यावर जानेवारी १९४५मध्ये त्याच्या जागी आणला लॉरेन्स टिबेट, मेट्रोपॉलिटन ऑपेराचा भारदस्त गायक! भावगीताच्या जागी धृपदिया बसवावा तसा प्रकार. जेमतेम काही महिने टिकला. पण असं करून बघावं हे मालकांना सुचलं, कारण गाणं महत्त्वाचं, गळा कुणाचाही चालेल, असा त्यांचा खरोखरच विश्वास होता.

हाच विश्वास घेऊन कार्यक्रम टेलिव्हिजनवर आला. १९५०च्या उन्हाळ्यात चाचणीदाखल काही भाग झाले आणि ऑक्टोबरपासून दर शनिवारी रात्री एनबीसीवर अर्धा तास. सात गाणी, शिवाय एखाद-दोन जुनी, ‘लकी स्ट्राइक’च्या नावानं जास्तीची. शेवटी पहिलं. प्रसारण थेट, न्यूयॉर्कहून. चूक झाली तर झाली. त्यातल्या काही भागांचं पडद्यावरून केलेलं चित्रीकरण उरलं आहे, ते मी पाहिलं आहे. डोरोथी कॉलिन्स ही गोड चेहऱ्याची गायिका, गळ्यापर्यंत बंद झगा घातलेली, सिगारेटच्या पाकिटावरच्या लाल वर्तुळाच्या मधोमध उभी राहून आनंदी राहायचा सल्ला देते. ती आधी जाहिरातीची गायिका होती. तिथून ती कार्यक्रमाची नायिका झाली. गाणं कुठं संपतं आणि सिगारेट कुठं सुरू होते, हे बघणाऱ्याला कळू नये अशीच ती रचना. तिच्या बरोबरीनं स्नूकी लॅन्सन, रसेल आर्म्स, पुढे जिझेल मॅकेन्झी. चौघंही गुणी आणि खरं सांगायचं तर सगळ्या घरानं मिळून बघावीत अशी माणसं.

वाद्यवृंद होता रेमंड स्कॉट यांच्याकडे. हा माणूस निराळ्याच नादात असायचा. शनिवारच्या नोकरीचा पैसा त्यानं घरच्या प्रयोगशाळेत घातला, विजेवर चालणारी वाद्यं बनवली. हे जिथं जाऊन पोचलं ते पुढे सांगतो.

रेडिओवर एखादं गाणं दहा आठवडे पहिलं राहिलं तर दहा आठवडे ते गायचं, संपलं. टेलिव्हिजनवर ते दाखवावं लागे. गेल्या शनिवारी प्रेयसी खिडकीत उभी होती. या शनिवारी तिला उद्यानात न्या, पुढच्या शनिवारी आगगाडीत बसवा. टोनी चार्मोली हे नृत्यदिग्दर्शक आणि त्यांच्या हाताखालची लेखक मंडळी दर आठवड्याला त्याच ओळींवर नवी गोष्ट रचत. १९५१मध्ये ‘टू यंग’ नावाचं गाणं बारा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं! त्या लेखकांची मला मनापासून दया येते.

या ‘टू यंग’शीच मला थोडं थांबायचं आहे. ते घराघरांत पोचलं ते नॅट किंग कोल यांच्या तबकडीनं. कोल मूळचे अलाबामातल्या माँटगोमरीचे, कृष्णवर्णीय. रेशमासारखा आवाज, आणि पियानोवादक म्हणून आधीच नावाजलेले. ‘हिट परेड’ची टेलिव्हिजनवरची नेहमीची गायक मंडळी सगळी गोरी होती. बारा शनिवार गाणं देशात पहिलं, आणि ज्याच्या गळ्यानं ते पहिलं केलं तो माणूस त्या चौकटीत नाही. यात कुणी कुणावर उघड अन्याय करत नव्हतं. क्रमांक गाण्याला, गायकाला नाही, हा नियम सर्वांना सारखाच होता. पण नियम सारखा असला म्हणून त्याचा भार सर्वांवर सारखा पडतो असं नाही.

पाच वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९५६ला, त्याच एनबीसीवर ‘द नॅट किंग कोल शो’ सुरू झाला. सुरुवातीला सोमवारी पंधरा मिनिटं, पुढच्या उन्हाळ्यात अर्धा तास. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बर्मिंगहॅम शहरात भर कार्यक्रमात गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी रंगमंचावर चढून कोल यांच्यावर हल्ला केला होता. तरीही एनबीसीनं हा कार्यक्रम हाती घेतला आणि पदरचा पैसा घालून वर्षभर चालवला, हे तिच्या बाजूनं नोंदवायला हवं. एला फिट्झजेराल्ड, हॅरी बेलाफोंटे, पेगी ली, टोनी बेनेट यांच्यासारखे कलावंत अगदी किमान मानधनावर येऊन गायले. एक गोष्ट मात्र मिळाली नाही. देशभरासाठी एकही प्रायोजक पुढे आला नाही. न्यूयॉर्कमध्ये एक बिअरवाला, असे काही स्थानिक जाहिरातदार मिळाले, तेवढंच. कृष्णवर्णीय माणसाच्या नावाशी आपला माल जोडला तर दक्षिणेत गिऱ्हाईक तुटेल, ही धास्ती. १७ डिसेंबर १९५७ला शेवटचा भाग झाला. थांबायचं कोल यांनीच ठरवलं. जाहिरातवाल्यांना अंधाराची भीती वाटते, अशा अर्थाचं ते पुढे बोलले. त्यांचा राग दक्षिणेतल्या प्रेक्षकांवर नव्हता, न्यूयॉर्कच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या कचेऱ्यांवर होता. कार्यक्रम कुणाचा हे प्रायोजक ठरवतो, तेव्हा कुणाचा नाही हेही तोच ठरवतो. आणि ते ठरवायला त्याला काही करावं लागत नाही. गप्प बसलं की पुरतं.

हे सगळं बदलायला लावणारा माणूस, गंमत म्हणजे, हिल यांच्याच तालमीतला. सिल्व्हेस्टर ऊर्फ ‘पॅट’ वीव्हर हे अमेरिकन टोबॅकोचे जाहिरात व्यवस्थापक होते. मालक कार्यक्रमात किती ढवळाढवळ करतो हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. १९४९मध्ये ते एनबीसीत आले आणि पुढे तिचे अध्यक्ष झाले. त्यांनी मासिकाचं उदाहरण घेतलं. मासिकात जाहिरातदार पान विकत घेतो, पण म्हणून संपादक त्याचा नोकर होत नाही. तसंच, कार्यक्रम आपण करायचे आणि जाहिरातदाराला फक्त मिनिटं विकायची. १९५२चा ‘टुडे’ आणि १९५४चा ‘टुनाइट’ हे त्यांचेच कार्यक्रम. वाढता खर्च एकट्या प्रायोजकाला झेपेनासा झाल्यानं ही कल्पना हळूहळू रुजली. १९५८-५९मध्ये प्रश्नमंजूषांच्या कार्यक्रमांत स्पर्धकांना आधीच उत्तरं पुरवली जात होती हे उघड झालं, तेव्हा प्रायोजकांच्या हातून कार्यक्रम काढून घ्यायला प्रसारण संस्थांना आयतंच निमित्त मिळालं.

‘हिट परेड’ तोवर दुसऱ्याच दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती. एल्विस प्रेस्लीचं ‘हाउंड डॉग’ यादीत आलं आणि ते गायची पाळी आली स्नूकी लॅन्सनवर! सभ्य, हसतमुख, चाळिशीतला गृहस्थ. पोरांना गाणं नको होतं, एल्विस हवा होता. घरात पियानो नव्हता, तबकड्या वाजवायचं यंत्र होतं. गाणं आणि गळा आता वेगळे काढता येत नव्हते. बिचाऱ्या स्नूकीचा गुन्हा एवढाच, की तो दुसरा कुणीतरी होता. जिझेल मॅकेन्झीचं स्वतःचं ‘हार्ड टू गेट’ १९५५मध्ये यादीत आलं आणि ते तिनंच म्हटलं. कार्यक्रमाच्या नेहमीच्या गायकांत हा मान तिला एकटीलाच मिळाला. १९५७मध्ये सगळी गायक मंडळी बदलून नवी, तरुण आणली. उपयोग झाला नाही. १९५८मध्ये कार्यक्रम सीबीएसवर गेला, डोरोथी कॉलिन्सला परत बोलावलं, गाणी सातावरून पाचावर आली. २४ एप्रिल १९५९च्या रात्री शेवटचा भाग झाला.

सिगारेटवाल्यांना तोवर मोठी काळजी लागली होती. डिसेंबर १९५२मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’नं सिगारेट आणि कर्करोग यांच्या नात्यावर लेख छापला. १९५३मध्ये सिगारेटचा चीक कातडीला लावलेल्या उंदरांना गाठी आल्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ४ जानेवारी १९५४ला तंबाखू कंपन्यांनी मिळून चारशेहून अधिक वृत्तपत्रांत निवेदन देऊन लोकांना धीर दिला. संशोधन करू, तुमचं आरोग्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचं, असा एकूण सूर. आणि त्याच शनिवारी डोरोथी कॉलिन्स लाल वर्तुळात उभी राहून नेहमीसारखीच हसली असणार. त्या चौघा गायकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण ते चित्रीकरण बघताना आता ते वर्तुळ डोळ्यांपुढून हलत नाही. भीती वाढली तशा कंपन्यांनी फिल्टरच्या सिगारेटी काढल्या. अमेरिकन टोबॅकोनं आपल्या नव्या फिल्टर सिगारेटला नाव दिलं ‘हिट परेड’. गाणी थकत आली होती, नाव तेवढं ओढायला उरलं. तीही चालली नाही.

रेमंड स्कॉट यांचं राहिलं. घरच्या प्रयोगशाळेत त्यांनी आपणहून सुरावट रचणारं एक यंत्र घडवलं. १९७०च्या दशकाच्या आरंभी त्या यंत्रासकट त्यांना नोकरीवर बोलावलं ते बेरी गॉर्डी यांच्या ‘मोटाउन’ या कंपनीनं. कृष्णवर्णीय मालकाची ही तबकड्यांची कंपनी. तिच्या गायकांची गाणी पहिल्या क्रमांकावर जात, आणि ती त्यांच्याच गळ्यातून ऐकू येत.

नॅट किंग कोल १५ फेब्रुवारी १९६५ला वारले. वय पंचेचाळीस. फुप्फुसाचा कर्करोग. ते भरपूर सिगारेटी ओढत. त्याच्या वर्षभर आधी, जानेवारी १९६४मध्ये, अमेरिकी सरकारच्या सर्जन जनरलचा सिगारेटविषयीचा अहवाल आला होता. रेडिओ आणि टेलिव्हिजनवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा झाला १९७०मध्ये आणि अमलात आला २ जानेवारी १९७१ला. आदल्या रात्री बारा वाजायला एक मिनिट असताना अमेरिकी टेलिव्हिजनवर सिगारेटची शेवटची जाहिरात झाली. ती लागली ‘टुनाइट’मध्ये, वीव्हर यांनी सुरू केलेल्या कार्यक्रमात. एक मिनिटाची होती, आणि बायकांसाठी काढलेल्या सिगारेटची.